पाणी कुठलं भरता?

मैत्रिणींनो, कुणाच्या घरात पोपट असतो, कुणाच्या घरात मनीमाऊ. आमच्या ठाण्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या-किचनच्या संसारात ईल आहे. ईल म्हणजे समुद्रातली वाम. तीही साधी नव्हे, मोरे ईल. दिसायला थेट सापासारखी आणि खडकाच्या कपारीतून डोकं बाहेर काढून सदा आ वासून बसलेली. पाहुणे येतात, चहाचा कप हातात घेतात, मग त्यांचं लक्ष त्या काचेकडे जातं आणि कप बशीत खडखडतो. "अगंबाई, हे काय पाळलंयस?"

त्यांना काय सांगू? मी पाळलेली नाहीच ती. पाळली यांनी. सांभाळली मात्र मी, आणि ते कसं घडलं तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

आमचे हे जहाजावर इंजिनीअर. सहा महिने समुद्रावर, तीन-चार महिने घरी. सहा महिने ज्या पाण्याकडे बघून माणसाला वीट यायला हवा, त्याच पाण्याची यांना घरी आल्यावर आठवण येते! २०२३ च्या जूनमध्ये सुटीवर आले ते मनात टँकचं घेऊनच. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. मी म्हटलं, "अहो, सोफा कुठे ठेवायचा?" तर म्हणाले, "सोफ्यावर बसून बघायचं काय, तेही ठरायला नको का?" वादात हे मला कधी हरलेले नाहीत.

पाण्याने भरलेला तो टँक अर्ध्या टनाच्या वर जातो. म्हणून आधी इमारतीच्या इंजिनीअरला विचारून, कुठल्या भिंतीलगत नि तुळईच्या कुठल्या अंगाला ठेवायचा ते ठरलं. हौशी मंडळी अशा टँकला 'रीफ टँक' म्हणतात, म्हणजे प्रवाळाच्या खडकाचा देखावा. आमच्याकडे खरे प्रवाळ मात्र नाहीत. आपल्या देशात प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या रांगेत बसवलेलं आहे. ते समुद्रातून काढणं नि विकणं हा गुन्हा आहे. दुकानात कुणी "घ्या हो ताई, छान दिसेल" म्हणालं तरी घेऊ नये. आम्ही सिरॅमिकचे खडक आणले आणि त्यांच्याच कपारी रचल्या. सगळ्या तळापासून पक्क्या बसवल्या, कारण ईल खालून अंग घालून खडक ढकलते नि वरचा डोलारा कोसळतो.

मग महिना-सव्वा महिना त्या टँकमध्ये नुसतं खारं पाणी फिरत होतं. सासूबाई रोज विचारीत, "मासे कधी येतले?" यांचं उत्तर ठरलेलं, "पाणी शिजतंय." आपण इडलीचं पीठ रात्रभर ठेवतो ना, तसाच प्रकार. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही वाईटच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने सौम्य, नि ते आपण आठवड्याला थोडं थोडं पाणी बदलून काढून टाकायचं. हे जिवाणू खडकावर नि गाळणीत रुजेपर्यंत जीव आत सोडायचा नाही. इतकी शास्त्रशुद्ध तयारी मी माझ्या बी. ए. च्या परीक्षेलाही केली नव्हती.

ऑगस्टमध्ये दोन जोकर मासे आले, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे. मी खूश झाले. वाटलं, झालं, हौस फिटली. तर पुढच्या रविवारी हे एक फुगवलेली पिशवी घेऊन दारात उभे. आत ती. हातभर लांब, पांढरट अंगावर काळ्या नक्षीच्या ओळी नि त्यांत पिवळे ठिपके. नाकपुड्यांच्या जागी दोन इवल्या पिवळ्या नळ्या. इंग्रजीत तिला स्नोफ्लेक मोरे म्हणतात, म्हणजे हिमाच्या फुलासारखी. शास्त्रीय नाव एकिड्ना नेब्युलोसा.

सासूबाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. त्यांनी चष्मा पुसून पिशवीत पाहिलं नि म्हणाल्या, "अगो, ही तर वाम! जिती कशाक आणलंस? हिचा कालवण करतत, घरात नाय पोसणत."

लेक आमची तिसरीतली. तिने मात्र टाळ्या वाजवल्या नि लगेच नाव ठेवलं, ठिपकी.

मी लहानपणी वडिलांचं बोट धरून मरीन ड्राइव्हवरच्या, १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात गेले होते. तेव्हा काचेआडच्या प्राण्याची भीती वाटली तर पुढच्या काचेकडे पळता यायचं. इथे पळायचं कुठे? स्वयंपाकघरात? तिथूनही तिचं तोंड दिसायचं. तो वासलेला जबडा बघून मला वाटे, ही आता कुणाला तरी धरणार. पुढे कळलं की ती रागावलेली नसतेच. तिला इतर माशांसारखी कल्ल्यांवरची मोठी झाकणं नसतात, दोन्ही बाजूंना नुसती लहान भोकं असतात. म्हणून तोंडाची उघडझाप करून ती पाणी आत ओढते. तिचं ते श्वास घेणं! आपण उगाच एखादीला फटकळ म्हणावं आणि बिचारीला दमा निघावा, तशातली गत.

दातही तिचे सुळ्यांसारखे नाहीत. इतर मोरे ईलचे असतात तसे टोकदार नसून बोथट, खलबत्त्यासारखे. कुर्ल्या नि कोलंब्या फोडून खायच्या म्हणून. माशांच्या वाटेला ही सहसा जात नाही. कोलंबीचं मात्र विचारू नका. यांनी टँक स्वच्छ ठेवायला म्हणून लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक देखणी कोलंबी आणली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दोन मिशा तेवढ्या वाळूवर उरल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "जातीवर गेली!"

असे दिवाळीपर्यंतचे दिवस मजेत गेले. ठिपकीला खाऊ घालणं हे यांचं काम, नि बघणं लेकीचं. दिवाळी झाली, यांना जहाजावर रुजू व्हायचा निरोप आला नि बॅग भरता भरता यांनी माझ्या हातात एक वही दिली. पहिल्याच पानावर सुवाच्य अक्षरात सूचना होत्या. आठवड्यातून दोनदा खाणं, लांब चिमट्याने. हाताने कधीही नाही. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नाही, ती वासावर येते, बोटाला कोलंबीचा वास आला तर बोटही कोलंबीच. खाणं एकाच जातीचं नको, कोलंबी, कुर्ली, माकूळ आलटून पालटून. तपमान पंचवीस-सव्वीस. आठवड्याला चाळीस लिटर पाणी बदलणे, मिठाचं पाणी निळ्या पिंपात तयार आहे. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप लावणे. झाकणाच्या चारही कड्या रोज तपासणे. आणि शेवटची ओळ, 'पाणी कमी झालं की भरणे.'

ती ओळ मी वाचली, मान डोलावली. हे गेले.

मी एका शाळेत सकाळच्या सत्रात मराठी शिकवते, अर्धवेळ. सकाळी सहाला घर सोडायचं, बाराला परत, मग स्वयंपाक, लेकीचा अभ्यास, सासूबाईंची औषधं. त्यात आता ठिपकी. रोज सकाळी टॉर्च घेऊन कड्या बघायच्या, पंपाचा आवाज ऐकायचा, नि पाण्याची पातळी रेघेखाली गेली की भरायचं. दिवाळीनंतरची कोरडी हवा, वरून पंखा, रोज तीन-चार लिटर पाणी उडून जाई. मी इमानेइतबारे निळ्या पिंपातून तांब्या तांब्याने भरी. पिंप संपलं की वहीत लिहिल्याप्रमाणे एका लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ या हिशोबाने नवं करी. कुणी म्हणेल, काय कौतुक! खरं सांगू? कौतुक कसलं, मी चिडलेली असे. प्रत्येक तांब्याबरोबर मनात एक वाक्य असे, "हौस यांची, हमाली माझी."

सासूबाईंनी मात्र पाहुणचार सुरू केला होता. एका बुधवारी मी चिमटा घेऊन गेले तर वाटीतली कोलंबी पिवळीधमक. मीठ-हळद लावून ठेवलेली! "आई, अहो हे तिला चालत नाही." तर म्हणाल्या, "अगो, पावण्याक अळणी कसा वाढूचा?" मी ती कोलंबी आमच्या कालवणात टाकली नि ठिपकीसाठी साधी धुतलेली काढली. त्या दिवशी तिने ती घेतली नाही. शनिवारी घेतली नाही. पुढच्या बुधवारीही नाही. चिमट्यातला तुकडा तिच्या नाकापुढे नेला की तोंड कपारीत आत ओढून घ्यायची.

त्याच सुमारास लेकीचा डबाही भरलेला परत यायला लागला. आज पोळी-भाजी तशीच, उद्या थालीपीठ तसंच, परवा तर तिच्या आवडीचा शिरासुद्धा. "भूक नव्हती," एवढंच उत्तर.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "बापाची आठवण येते गं पोरीला." तिच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, "बाबा जहाजावर गेले ना, होतं असं." सासूबाई काचेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्या मुक्या जनावराक पण कळता. दोगींका त्याची याद येता." मलाही ते पटलं. इतकंच नव्हे, मला ते आवडलंही असावं. घरात सगळ्यांना आठवण येण्याची मुभा होती, मग माझी चिडचीडही त्यातच खपून गेली. मी लेकीला जास्तच जवळ घेऊ लागले, रात्री बाबांचे फोटो दाखवू लागले. ती फोटो बघायची नि कूस बदलून झोपायची. डबा दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेलाच.

यांना सांगावं तर जहाजावर नेट तुटक तुटक. निरोप पाठवला की दोन दिवसांनी उत्तर येई, "काळजी करू नकोस, ईल कधी कधी उपास करते." आता यावर काय बोलावं?

मग ती पहाट आली. साडेचार वाजले असतील. पाणी प्यायला उठले, दिवा लावला, नि जमिनीवर ओला पट्टा दिसला. सापसुरळीसारखा वळत वळत चपलांच्या रॅककडे गेलेला. टँककडे पाहिलं, झाकणाची एक कडी उघडी. आदल्या रात्री तांब्याने पाणी भरून मीच ती लावायची विसरले होते. रॅकच्या मागे, माझ्या शाळेच्या चपलांशेजारी ठिपकी पडली होती. अंगाला केर नि केस चिकटलेले, हालचाल नाही.

मैत्रिणींनो, त्या क्षणापर्यंत मला तिचा स्पर्शही नको होता. पण मी बाथरूममधला टॉवेल टँकच्या पाण्यात बुडवला, तिच्यावर टाकला नि दोन्ही हातांनी उचलली. अंगाला खवले नाहीत, सगळी बुळबुळीत, नि अनपेक्षितपणे जड. मधल्या खोलीतून लेक डोळे चोळत आली नि दारातच थिजली. मी तिला पाण्यात सोडलं तर ती तळाशी आडवी झाली. आम्ही दोघी जमिनीवर बसून बघत राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग तो जबडा, ज्याची मला इतकी भीती वाटायची, तो हळूच उघडला नि मिटला. पुन्हा उघडला. लेक म्हणाली, "आई, ती श्वास घेतेय." मला रडूच आलं. या ईलच्या अंगावर चिकट थर असतो, कल्ले ओले असेतो ती थोडा वेळ पाण्याबाहेर तग धरते. त्यानेच ती वाचली. तासभर उशीर झाला असता तर वाचली नसती.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी परस्पर त्या दुकानात गेले, जिथून हे तिला घेऊन आले होते. दुकानदार तरुण मुलगा. मी सगळं पुराण सांगितलं. मालक जहाजावर गेले, ईलने अन्न सोडलं, आता घर सोडून निघाली होती. आठवणीने झुरतेय बहुतेक. त्याने शांतपणे ऐकून घेतलं नि एकच प्रश्न विचारला, "ताई, पाणी कुठलं भरता?"

"कुठलं म्हणजे? निळ्या पिंपातलं. मिठाचं."

"बदलायला की भरायला?"

"दोन्हीला."

त्याने कपाळाला हात लावला नाही, हे त्याचे उपकार. एक छोटीशी दुर्बीण हातात दिली. तिला रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात. आमच्या घरीही ती होती, यांच्या खणात, डबी न उघडलेली. काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा नि उजेडाकडे धरून आतली रेघ वाचायची. घरी येऊन वाचली. १.०२५ च्या आसपास हवी ती १.०३१ वर!

झालं होतं असं. टँकमधून वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. मीठ मागेच राहतं. म्हणून कमी झालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी भरायचं असतं, गाळून शुद्ध केलेलं. मी तीन-साडेतीन आठवडे रोज त्यात आणखी मीठ घालत होते. ठिपकी कुणासाठी झुरत नव्हती. मी तिला मिठात घालत होते!

सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी क्षणात निकाल दिला. "आमटी आटली तर आपण तेच्यात पाणी घालतव, काय मीठ?" पंधरा वर्षं स्वयंपाक करणारी मी! हाच प्रश्न मला चुलीपाशी कुणी विचारला असता तर हसले असते. पण वहीत 'पाणी भरणे' लिहिलं होतं नि मी पाणी भरलं. कुठलं, ते यांनी लिहिलं नाही नि मी विचारलं नाही. त्यांना ते इतकं माहीत होतं की लिहावंसं वाटलं नाही, आणि मी इतकी चिडले होते की विचारावंसं वाटलं नाही.

दुकानदाराने बजावलं होतं, एकदम उतरवू नका, तोही धक्काच असतो. रोज दहा लिटर काढायचं नि तेवढंच गोडं पाणी घालायचं, शिवाय उडालेल्याची भर गोड्यानेच. रोज रेघ किंचित खाली येई. सहाव्या दिवशी ती जागेवर आली. जोकर मासे, जे कोपऱ्यात मंद पडून असत, ते पुन्हा फिरू लागले. नवव्या दिवशी मी कुर्लीची नांगी फोडून चिमट्यात धरली. दोन पिवळ्या नळ्या कपारीबाहेर आल्या, डोकं डावी-उजवीकडे हललं नि चिमट्याला असा हिसका बसला की माझ्या हातून तो सुटलाच.

लेकीने टाळ्या वाजवल्या. मी तिच्याकडे बघितलं नि मनात आलं, हिचं पाणी कुणी तपासलं? आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की ती बाबांच्या आठवणीने जेवत नाही. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. विचारलं ते एवढंच, "बाबांची आठवण येते ना गं?" आणि अशा प्रश्नाला कुठलं मूल 'नाही' म्हणेल?

त्या रात्री मी बाबांचं नाव काढलं नाही. सहज विचारल्यासारखं केलं, "मधल्या सुटीत तू कुठे बसतेस? शेजारी कोण असतं?"

थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "जिन्याखाली."

"एकटीच?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. दिवाळीच्या सुटीनंतर तिने मोठ्या कौतुकाने वर्गात सांगितलं होतं की आमच्या घरी ठिपकी आहे, अश्शी लांब. कुणीतरी म्हणालं, हिच्या घरी साप आहे. कुणी म्हणालं, हिची आई सापाला हाताने भरवते नि त्याच हातांनी हिचा डबा करते. मग डबा खाताना तिच्या बाकावरच्या मुली उठून दुसरीकडे बसू लागल्या. ही जिन्याखाली जाऊन बसू लागली, नि एकटीने खायचं म्हणजे घास उतरेना. बाबांची आठवण येत नव्हती असं नाही. पण डबा परत येत होता तो त्यामुळे नव्हे. मी स्वतः शिक्षिका. रोज चाळीस मुलांचे चेहरे वाचते म्हणून मिरवणारी!

दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गशिक्षिकांना भेटले, शांतपणे बोलले. आणि त्या चार मुलींच्या आयांना फोन करून मुलींना शनिवारी संध्याकाळी घरी बोलावलं. खाऊ, भेळ. कार्यक्रम, ठिपकीचं जेवण. सासूबाईंनी खोबऱ्याच्या वड्या केल्या. मुली आल्या त्या एकमेकींचे फ्रॉक धरूनच. माझ्या लेकीने त्यांना रांगेत उभं केलं नि मास्तरणीसारखं सांगायला सुरुवात केली. हा साप नाही, मासा आहे. हे श्वास घेणं आहे, रागावणं नाही. आम्ही हाताने भरवत नाही, हा बघा चिमटा.

मीही थोडं वाचून ठेवलं होतं. मोरे ईलला दोन जबडे असतात, एक आपल्याला दिसतो तो आणि दुसरा घशात. पुढच्याने भक्ष्य धरलं की घशातला जबडा पुढे सरकतो, त्याला पकडतो नि आत ओढून नेतो. रीटा मेहता आणि पीटर वेनराइट या कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००७ साली हे दाखवून दिलं. पुढे २०२१ साली रीटा मेहता यांनीच, एका सहकाऱ्याबरोबर, आमच्या ठिपकीच्या जातीची ईल पाण्याबाहेर येऊन तिथेच घास गिळू शकते हेही प्रसिद्ध केलं. समुद्रकाठच्या खडकांत ती कुर्ल्यांच्या मागे अशी बाहेर येते. म्हणजे चपलांच्या रॅककडे निघालेली आमची बाई काही वेडी नव्हती!

कोलंबी चिमट्यात धरली, झटका बसला, चौघी एकदम किंचाळल्या, नि लगेच "पुन्हा! पुन्हा!" सोमवारी डबा रिकामा आला. मंगळवारी जास्तीच्या दोन पोळ्यांची मागणी आली, "तिला पण हवी असते."

यांचा फोन लागला तेव्हा मी सगळं सांगितलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चूक माझी. मी लिहायला हवं होतं." मी म्हटलं, "अर्धी तुमची. पण पुढच्या खेपेला वही हातात देऊन जाऊ नका. माझ्याशेजारी बसून वाचून दाखवा, नि मी काय विचारते ते ऐका." आणि मग, आजवर कधी म्हटलं नव्हतं तेही म्हणून टाकलं, "आणि मलाही तुमची आठवण येते. नुसतं 'तू समर्थ आहेस' म्हणत जाऊ नका." २०२४ च्या मे महिन्यात हे परत आले नि पुढच्या वेळी निघण्याआधी दोन संध्याकाळी ती वही घेऊन माझ्याशेजारी बसले. माझे प्रश्न सतरा निघाले. मोजून.

आता कुणी मला विचारतं, आम्हीही आणू का अशी ईल? मी आधी पाचच गोष्टी विचारते. झाकण घट्ट आहे का? पाणी महिनाभर 'शिजवलं' आहे का? आत आधीपासून हौसेच्या कोलंब्या-खेकडे नाहीत ना? पंधरा वर्षं, कदाचित त्याहूनही जास्त, सांभाळायची तयारी आहे का? आणि कंटाळा आला तर खाडीत सोडून देणार नाही ना? दुकानात येणाऱ्या या ईल समुद्रातून पकडून आणलेल्या असतात. एकदा घरात आणली की तिचा समुद्र म्हणजे आपण. त्यात मीठ किती, ते रोज बघायला हवं. हे पटत नसेल तर मत्स्यालयात जाऊन बघावी नि घरी यावं.

मला ती आवडते का? अजून सांगता येत नाही. सकाळी टॉर्च मारल्यावर दोन पिवळ्या नळ्या दिसल्या नाहीत तर मात्र चहा गोड लागत नाही.

सासूबाई अजूनही तिला वामच म्हणतात. पण परवा बाजारातून कोलंबी आणली, मी निवडायला बसले नि सवयीने मिठाच्या बरणीकडे हात नेला. पाठीमागून आवाज आला, "अगो, थांब! आदी हिचा वेगळा काढून ठेव, मगे मीठ लाय."